९५ टक्के म्हणजे नेमकं किती?

पुरवठादाराच्या करारात ‘९५ टक्के सर्व्हिस लेव्हल’ (मागितलेला माल हजर असण्याचं प्रमाण) लिहिलेलं असतं, क्लाउड कंपनीच्या करारात ‘९९.९ टक्के अपटाइम’ (यंत्रणा चालू असण्याचं प्रमाण). हे करार सांभाळणारी माणसं एकमेकांना क्वचितच भेटतात. एकाचं डोकं गोदामातल्या साठ्यात अडकलेलं, दुसऱ्याचं सर्व्हरच्या आलेखांत. पण दोन्ही आकड्यांच्या मागचं गणित बऱ्याच अंशी एकाच ठिकाणाहून आलं आहे, आणि ते ठिकाण म्हणजे टेलिफोन एक्स्चेंज.

आग्नेर क्रारूप एर्लांग हा डॅनिश गणिती १९०८ साली कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत लागला. कंपनीपुढचा प्रश्न व्यवहारातला होता. लाइनी कमी टाकल्या तर ग्राहकाचा कॉल लागत नाही, जास्त टाकल्या तर तांब्यात पैसा अडकून पडतो. १९०९ मध्ये एर्लांगने कॉल कधी आणि किती येतात याचं संभाव्यतेचं गणित मांडलं. १९१७ मध्ये अमुक लाइनी आणि कॉलची तमुक वर्दळ असेल तर किती कॉल नाकारले जातील, हे सांगणारं सूत्र दिलं. शंभरातला एक कॉल नाकारला गेला तर चालेल असं धरलं, तर १० लाइनींच्या गटावर सरासरी सुमारे ४.५ कॉल एका वेळी चालू ठेवता येतात. १०० लाइनी एकत्र केल्या तर मात्र तोच आकडा ८४ वर जातो. म्हणजे दहा वेगळ्या गटांना मिळून जेवढं जमतं, त्याच्या जवळजवळ दुप्पट. साठा एका मध्यवर्ती गोदामात ठेवायचा की गावोगाव वाटायचा, किंवा सर्व्हर सगळ्यांनी मिळून वापरायचे का, या पुढच्या काळातल्या प्रश्नांच्या उत्तराचा मोठा भाग इथेच होता.

पण ‘शंभरातला एक’च का? त्याचं उत्तर सूत्रात नाही. टक्का बाहेरून कुणीतरी द्यायचा, सूत्र लाइनी सांगणार. पुढच्या शंभर वर्षांतला गोंधळ मुख्यतः या ‘कुणीतरी’मुळे आहे, असं माझं मत.

साठ्याच्या अभ्यासात याला दुसरी वाट होती. १८८८ साली फ्रान्सिस एजवर्थने बँकेने किती रोकड हाताशी ठेवावी याचं गणित केलं होतं: ठेवीदार पैसे मागायला किती संख्येने येतील हे नक्की नसतं, पण त्या अनिश्चिततेला आकार असतो. पुढे १९१३ मध्ये वेस्टिंगहाउसमधला अभियंता फोर्ड हॅरिस याने एका वेळी किती माल बनवावा याचं प्रसिद्ध सूत्र काढलं. ते बरीच वर्षं विल्सनच्या नावाने ओळखलं गेलं. त्या सूत्रात मागणी ठरलेलीच धरली होती, त्यामुळे माल संपण्याचा प्रश्नच नव्हता. आर. एच. विल्सनने १९३४ मध्ये दोन प्रश्न वेगळे केले: किती मागवायचं, आणि साठा कुठवर उतरला की मागवायचं. सेफ्टी स्टॉकची, म्हणजे मागणी अचानक वाढली तर हाताशी ठेवलेल्या जादा साठ्याची चर्चा या दुसऱ्या प्रश्नाला चिकटून वाढली.

१९५१ मध्ये केनेथ ॲरो, थिओडोर हॅरिस आणि जेकब मार्शाक यांच्या लेखाने साठ्याचा प्रश्न अर्थशास्त्राच्या भाषेत पक्का बसवला. त्याच सुमारास रूढ झालेल्या वर्तमानपत्र विक्रेत्याच्या (सकाळी किती अंक घ्यायचे?) उदाहरणातून एक हिशोब निघतो. माल कमी पडला तर होणारं नुकसान आणि माल उरला तर होणारं नुकसान यांच्या गुणोत्तरावरून योग्य सर्व्हिस लेव्हल आपोआप ठरते. उलट बाजूने वाचलं तर ते जास्त टोचतं. ९५ टक्के मागणारा व्यवस्थापक, त्याला माहीत असो वा नसो, ‘एक नग कमी पडणं हे एक नग उरण्याच्या १९ पट महाग आहे’ असं म्हणत असतो. ९९ टक्के म्हणणारा ९९ पट म्हणतो. तुटवड्याची किंमत मोजणं खरोखर अवघड आहे. रागावून गेलेला ग्राहक कायमचा गेला की पुढच्या महिन्यात परत येणार, हे कोण सांगणार? म्हणून कारखान्यांनी किंमत बाजूला ठेवली आणि थेट टक्का लिहायला सुरुवात केली. सोय झाली, पण किंमत नाहीशी झाली नाही. ती टक्क्याच्या आत जाऊन बसली.

त्यातही टक्का कशाचा, यावर एकमत नव्हतं. एक व्याख्या म्हणते, नवा माल येईपर्यंत साठा न संपण्याची शक्यता. दुसरी, फिल रेट, म्हणते की एकूण मागणीपैकी किती नग हातातल्या साठ्यातून दिले. समजा दर खेपेला १००० नग मागवले, आणि माल येईपर्यंतच्या मागणीतलं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीच्या आसपासच्या चढउताराचं माप, १०० नगांचं आहे. पहिल्या व्याख्येने ९० टक्के गाठेल एवढा सेफ्टी स्टॉक ठेवला, तर खेपेमागे सरासरी पाचएक नगच कमी पडतात. म्हणजे फिल रेट ९९.५ टक्के. गोदाम तेच, साठा तोच. खरेदी विभाग एक आकडा सांगतो, विक्री विभाग दुसरा, आणि दोघेही खरं बोलत असतात.

टेलिफोन आणि गोदाम यांना जोडणारा माणूस म्हणजे कॉनी पाम हा स्वीडिश टेलिफोन अभियंता. स्वीडनच्या सुरुवातीच्या रिले-संगणकाचं, ‘बार्क’चं कामही त्याच्याच नेतृत्वाखाली झालं. लाइनी अमर्याद असतील तर चालू कॉलची संख्या कॉल किती येतात आणि त्यांची सरासरी लांबी किती यांवरच ठरते, कॉल कसे लांबट-आखूड आहेत त्यावर नाही, असं त्याचं एक प्रमेय आहे. अमेरिकेच्या रँड संस्थेतल्या क्रेग शेरब्रूकने कॉलच्या जागी दुरुस्तीला गेलेला विमानाचा भाग ठेवला आणि १९६८ मध्ये हवाई दलाच्या सुट्या भागांसाठी ‘मेट्रिक’ ही पद्धत उभी केली. त्यात त्याने फिल रेटऐवजी बॅकऑर्डर, म्हणजे देणं बाकी राहिलेली मागणी, कमीत कमी करायचं ठरवलं. फिल रेटला एक तास उशिरा मिळालेला भाग आणि महिनाभर न मिळालेला भाग सारखाच दिसतो. धावपट्टीवर खोळंबलेल्या विमानाच्या पायलटला तसं दिसत नाही.

पामचं दुसरं काम संगणकाकडे गेलं. बिघडणारी बरीच यंत्रं आणि दुरुस्त करणारे मोजके कामगार, असं मॉडेल त्याने १९४०च्या दशकात अभ्यासलं होतं. एमआयटीत ॲलन शेर याने १९६५च्या प्रबंधात टर्मिनलपुढे बसलेल्या माणसांना यंत्रांच्या जागी आणि सामायिक संगणकाला कामगाराच्या जागी बसवलं. सीटीएसएस या टाइम-शेअरिंग यंत्रणेवर किती माणसं बसली की उत्तराला किती वेळ लागेल, याचा त्याचा अंदाज प्रत्यक्ष मोजमापाशी चांगला जुळला. मॉडेल इतकं साधं असून जुळलं, हेच तेव्हा लोकांना नवल वाटलं.

शेरचा आकडा सरासरी वेळेचा होता. मोठ्या वेबसाइटी आल्यावर सरासरी पुरेनाशी झाली. ॲमेझॉनने २००७ मध्ये डायनॅमो या साठवण यंत्रणेवर लेख प्रसिद्ध केला, त्यात नमुन्याचा करार असा: सेकंदाला ५०० विनंत्यांच्या भारापर्यंत ९९.९ टक्के विनंत्यांना ३०० मिलिसेकंदांच्या आत उत्तर. कारण सरासरी उत्तम असतानाही सर्वांत जास्त खरेदी करणारा, लांबलचक इतिहास असलेला ग्राहकच ताटकळत राहू शकतो. २०१३ मध्ये जेफ डीन आणि लुईझ बारोसो यांनी दाखवलं की एका पानासाठी १०० सर्व्हरना विचारावं लागत असेल आणि प्रत्येक सर्व्हर शंभरात एकदाच रेंगाळत असेल, तरी ६३ टक्के वापरकर्त्यांना ते रेंगाळणं भोगावं लागतं. गोदामवाल्यांना हे आधीपासून ठाऊक होतं. २० वस्तूंच्या ऑर्डरमधली प्रत्येक वस्तू ९५ टक्के वेळा हजर असली, तरी पूर्ण ऑर्डर एकदम निघण्याची शक्यता जेमतेम ३६ टक्के.

आपल्याकडे ट्राय या दूरसंचार नियामकाने हा धडा २०१७ मध्ये घेतला. त्याआधी कॉल ड्रॉपची २ टक्क्यांची मर्यादा अख्ख्या सर्कलच्या सरासरीला लावली जाई. महाराष्ट्र सर्कल म्हणजे मुंबई सोडून उरलेलं राज्य आणि शिवाय गोवा. पुण्यातले टॉवर नीट चालले की गडचिरोलीत कॉल तुटत राहिले तरी सरासरी शाबूत. नव्या नियमाने तिमाहीतल्या किमान ९० टक्के दिवशी किमान ९० टक्के सेल (टॉवरच्या टप्प्यातले छोटे भाग) २ टक्क्यांच्या आत असावेत अशी अट घातली.

टक्का बाहेरून कुणी द्यायचा, या जुन्या प्रश्नाला गूगलच्या साइट रिलायबिलिटी गटाने दिलेलं उत्तर मला सर्वांत प्रामाणिक वाटतं. १०० टक्के हे ध्येयच चुकीचं, असं ते म्हणतात. ९९.९ टक्के ठरलं तर ३० दिवसांतली ४३ मिनिटं बिघाडाला मोकळी, आणि ती नवे बदल करण्यात खर्च करा. शिल्लक संपली की नवे बदल थांबवायचे. चबी नावाची त्यांची अंतर्गत सेवा इतकी भरवशाची झाली की बाकीचे प्रोग्रामर ती कधी बंद पडणारच नाही असं धरून चालू लागले. मग एखाद्या तिमाहीत ती ठरल्यापेक्षा फारच चांगली चालली, तर गूगलवाले ती मुद्दाम थोडा वेळ बंद करू लागले. साठ्याच्या जगात याला जोड नाही. जादा सेवा दिली म्हणून गोदाम बंद ठेवणारा पुरवठादार मी तरी ऐकलेला नाही.

तिथे दंड चालतो. वॉलमार्टने २०१७ मध्ये ‘वेळेवर आणि पूर्ण’ माल न देणाऱ्यांना मालाच्या किमतीच्या ३ टक्के दंड लावायला सुरुवात केली आणि २०२० मध्ये अपेक्षा ९८ टक्क्यांवर नेली. यामुळे मोजमापाचा काळ किती, हा रटाळ वाटणारा प्रश्न पैशांचा झाला. चेन, लिन आणि थॉमस यांनी २००३ मध्ये सिद्ध केलं की थोड्या काळात मोजलेला फिल रेट सरासरीने दीर्घकालीन फिल रेटपेक्षा जास्त येतो, कारण कमी मागणीचे चांगले आठवडे आणि तुटवड्याचे गर्दीचे आठवडे यांना सारखंच वजन मिळतं. एलेना काटोक, थॉमस आणि अँड्रू डेव्हिस यांनी २००८ मध्ये माणसांना खेळवून केलेल्या प्रयोगांत दिसलं की साठा वाढवून घ्यायचा असेल तर लांब मुदतीची तपासणी जास्त परिणामकारक ठरू शकते. याची दुसरी बाजू हिंजवडीत रात्रपाळीला परदेशी ग्राहकांची टिकिटं (नोंदवलेल्या तक्रारी) सोडवणाऱ्या कुणालाही ओळखीची वाटेल: महिन्याच्या दहा तारखेलाच एसएलए, म्हणजे करारात कबूल केलेली सेवेची पातळी, हातची गेली, तर उरलेल्या वीस दिवसांत धावपळ करायला करारात काहीच कारण उरत नाही.