कन्सील्ड कॅरी (अमेरिका)

बाहेर पडताना भरलेले पिस्तूल कपड्यांखाली, पर्समध्ये किंवा बॅगेत दडवून सोबत ठेवण्याच्या पद्धतीला अमेरिकेत 'कन्सील्ड कॅरी' म्हणतात. पिस्तूल केवढे घ्यायचे, किती गोळ्यांचे, अंगावर कुठे लावायचे, घरी आल्यावर कुठे ठेवायचे, हे सगळे माणसाला त्या काळात कशाची धास्ती वाटते यावर ठरत आले आहे. धास्ती बदलली की पिस्तुलाची जागा बदलते, आणि बहुतेक वेळा जागेबरोबर नवा धोकाही येतो.

एकोणिसाव्या शतकात शस्त्र दडवणे हेच मुळी संशयास्पद मानले जाई. सरळ माणूस उघडपणे शस्त्र लावतो, दगा करणारा लपवतो, अशी तेव्हाची समजूत होती. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ मध्येच दडवलेल्या शस्त्रांवर बंदी घातली. न्यूयॉर्कने १९११ च्या सुलिव्हन कायद्याने परवाना सक्तीचा केला, आणि पुढे तिथे परवाना हवा तर खास कारण पटवून द्यावे लागे. विसाव्या शतकात बऱ्याच राज्यांत परवाना देणे-न देणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असे. शहरांतली गुन्हेगारी वाढलेली असताना फ्लोरिडाने १९८७ मध्ये ही मर्जीच काढून घेतली: अटी पूर्ण करणाऱ्याला परवाना द्यावाच लागेल. एकामागून एक राज्ये याच वाटेने गेली.

या वाटचालीतली एक घटना विसरता येत नाही. १६ ऑक्टोबर १९९१ रोजी टेक्सासमधल्या किलीन गावी लुबीज कॅफेटेरियात एका बंदूकधाऱ्याने २३ जणांना ठार केले. सुझाना ग्राशिया हप तिथे आईवडिलांबरोबर जेवत होत्या. त्यांच्याकडे रिव्हॉल्व्हर होते, पण सोबत बाळगणे टेक्सासमध्ये बेकायदा असल्याने त्यांनी ते बाहेर गाडीत ठेवले होते. आईवडील दोघेही गेले. पुढे त्यांनी ठिकठिकाणी साक्षी दिल्या. टेक्सासने १९९५ मध्ये परवान्याचा कायदा केला आणि त्यानंतर हप टेक्सासच्या विधिमंडळावर निवडूनही आल्या. 'जवळ असते तर' हा त्यांचा सल आजही कन्सील्ड कॅरीच्या बाजूने बोलणाऱ्यांच्या तोंडी असतो, आणि त्या सलाला हलके लेखणे योग्य नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्वसंरक्षणासाठी घरात हँडगन ठेवण्याचा वैयक्तिक हक्क मान्य केला. परवान्याची सोय करणारे इलिनॉय हे शेवटचे राज्य, २०१३ मध्ये. याच न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रुएन निकालाने न्यूयॉर्कची खास कारणाची अट रद्द ठरवली. २०२४ पर्यंत २९ राज्यांत प्रौढांना परवान्याशिवायही पिस्तूल दडवून नेता येऊ लागले.

हत्यारही धास्तीप्रमाणे घडत गेले. अंधाऱ्या गल्लीत दोन पावलांवरून अडवणारा लुटारू डोळ्यांपुढे होता, तोवर १९५० पासून मिळणारे स्मिथ अँड वेसनचे पाच गोळ्यांचे छोटे रिव्हॉल्व्हर अनेकांना पुरेसे वाटे. १९९४ च्या केंद्रीय कायद्याने नव्या मॅगझिनवर, म्हणजे पिस्तुलात बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीवर, दहा गोळ्यांची मर्यादा घातली, ती २००४ पर्यंत टिकली. दहाच गोळ्या मिळणार असतील तर पिस्तूल तरी मोठे कशाला, असा विचार होऊन लहान पिस्तुलांना मागणी वाढली. पुढे मॉल, शाळा, चर्च इथल्या गोळीबारांनी मनात घर केले आणि पाच गोळ्या कमी वाटू लागल्या. २०१८ मध्ये सिग सॉअरचे पी३६५ आले. खिशात मावेल एवढ्या पिस्तुलात दहा गोळ्यांचे मॅगझिन बसवल्याने इतर कंपन्यांनाही तेच माप धरावे लागले.

ते अंगावर कुठे लावायचे, हा रोज सकाळचा प्रश्न. जाड पट्टा, चाप पूर्ण झाकणारे कायडेक्स या कडक प्लास्टिकचे होल्स्टर (पिस्तुलाचे म्यान), वर एक माप मोठा शर्ट. मग आरशासमोर वाकून, हात वर करून पाहायचे की कापडावर पिस्तुलाचा आकार उमटतो का. याला ते लोक 'प्रिंटिंग' म्हणतात. उजव्या कुल्ह्यामागे लावले तर बसायला बरे, पण मागून कोणी हिसकावेल ही भीती. म्हणून अनेकांनी ते पुढे, पोटाच्या खालच्या बाजूला आणले. हात लवकर पोचतो, पण नळीचे तोंड मांडीच्या मोठ्या धमनीकडे असते. काढण्याइतकाच धोका परत ठेवताना असतो: शर्टाचे टोक किंवा जॅकेटची नाडी चापात अडकली की गोळी सुटते. त्यामुळे चांगले प्रशिक्षक ठेवताना नजर होल्स्टरवर, बोट चापाबाहेर आणि घाई अजिबात नको, हे पुन्हा पुन्हा घोटून घेतात.

पर्समध्ये पिस्तूल ठेवणे सोयीचे, पण पर्स अंगापासून सुटते. ३० डिसेंबर २०१४ रोजी आयडाहोतल्या हेडन गावी एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधले पिस्तूल काढले. गोळी सुटली आणि आई जागीच गेली. तिच्याकडे परवाना होता. पर्सही पिस्तुलासाठी वेगळा चेनचा कप्पा असलेलीच होती.

'इथे शस्त्र आणू नका' अशी पाटी दिसली की पिस्तूल गाडीत राहते, आणि गाडी फोडणे चोराला अवघड नसते. २०१७ ते २०२१ या पाच वर्षांत अमेरिकेत खाजगी मालकांची दहा लाखांहून अधिक शस्त्रे चोरीस गेली. विमानतळांवर २०२३ मध्ये तपासणीत ६,७३७ शस्त्रे सापडली. त्यांतली ९३ टक्के भरलेली होती, आणि सापडलेल्यांपैकी बरेच जण सांगतात की बॅगेत आहे हेच विसरलो.

कृष्णवर्णीयांची धास्ती आणखी वेगळी. ६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटात फिलँडो कास्टील यांची गाडी पोलिसाने थांबवली. आपल्याजवळ शस्त्र आहे हे त्यांनी स्वतःहून सांगितले. परवाना त्यांच्याकडे होता. क्षणभरात पोलिसाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पोलिसाने अडवले तर शस्त्राबद्दल आधी सांगावे की विचारल्यावर, याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, पण या माणसांसाठी प्रश्न नियमांपुरता उरलेला नाही.

२०२० मध्ये साथ आणि रस्त्यांवरची अशांतता या काळात शस्त्रखरेदीशी संबंधित पार्श्वभूमी तपासण्या जवळपास चार कोटींवर गेल्या. पहिल्यांदाच पिस्तूल घेणाऱ्यांत स्त्रिया, कृष्णवर्णीय आणि आशियाई कुटुंबेही होती. एवढ्या चर्चेत एक आकडा मात्र मागे पडतो. २०२१ मध्ये तिथे बंदुकीने झालेल्या ४८,८३० मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. अनोळखी हल्लेखोरासाठी घेतलेले हत्यार रात्री घरातच असते. म्हणून कंबरेवरून उतरल्यावर ते बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या छोट्या तिजोरीत जाते की उशीजवळच्या खणात, ही निवड मला होल्स्टरच्या निवडीहून मोठी वाटते.

तिथल्या मराठी कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडता, केंद्रीय कायद्याने बंदूक वा काडतूस बाळगता येत नाही. ग्रीन कार्डधारकांना ही आडकाठी नाही. स्वतःकडे काही नसले तरी मूल मित्राकडे खेळायला जाते. तिथले बालरोगतज्ज्ञ पालकांना सांगतात की पाठवण्याआधी विचारा: घरात बंदूक आहे का, आणि ती कुलपात असते का? आपल्याकडे दुसऱ्याच्या घराबद्दल असे विचारणे अवघड वाटते. शेंगदाण्याची ॲलर्जी सांगतो त्याच फोनवर हेही विचारता येते.