‘शुगर फ्री’ आणि ‘नो अ‍ॅडेड शुगर’: अंजीर बर्फीचा घोळ

दिवाळीत कुणीतरी अंजीर बर्फीचा पुडा घेऊन येतं आणि बाबांपुढे ठेवतं. “खा हो काका, शुगर फ्री आहे!” बाबांना पंधरा वर्षांपासून शुगर आहे. गेल्या वर्षी त्यांनी एवढ्या भरवशावर चार वड्या संपवल्या आणि संध्याकाळी ग्लुकोमीटरकडे बघत बसले.

‘शुगर फ्री’ची अट सोपी आहे. एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) 2018 च्या दाव्यांविषयीच्या नियमांप्रमाणे 100 ग्रॅम किंवा 100 मिलिलिटरमध्ये साखर 0.5 ग्रॅमच्या वर नको. ‘लो शुगर’ला घन पदार्थात 5 ग्रॅमपर्यंत मुभा, पेयात 2.5. झालं.

खरी गोम ‘नो अ‍ॅडेड शुगर’मध्ये आहे. आपल्याकडे साखर म्हणजे डब्यातली पांढरी दाणेदार. नियमातली साखर म्हणजे ग्लुकोज, फ्रुक्टोज, सुक्रोज, सगळीच. मग ती उसातून येवो की अंजिरातून. ‘नो अ‍ॅडेड शुगर’ एवढंच सांगतं, की बनवणाऱ्याने वरून साखर घातली नाही. आत मुळात किती आहे, यावर ते गप्प असतं. बिनसाखरेच्या संत्र्याच्या रसाचा 200 मिलिलिटरचा पेला घ्या: चारेक चमचे साखर फळाचीच. दावा खरा, आणि बाबांना तरी तो पेला चालणार नाही.

बर्फीवाल्याचा दावा तर दोन्हीकडून पडतो. सुक्या अंजिरात वजनाच्या जवळपास निम्मी साखर असते, खजुरात 100 ग्रॅममागे 60 ग्रॅमच्या वर. म्हणजे ‘शुगर फ्री’ बाद. आणि साखरेऐवजी गोडीसाठी खजुराचा लगदा घातला असेल, तर ‘नो अ‍ॅडेड शुगर’ही लिहिता येत नाही, सुक्या फळांचा लगदा नियमात नाव घेऊन अडवलाय. मधही वरून घातलेली साखरच. गुळाचं तर विचारूच नका. “गुळाचं आहे, साखर नाही” हे वाक्य ऐकलं की माझं डोकं उठतं. गुळात बहुतेक सुक्रोजच असतं, रंग तेवढा तपकिरी.

उलट बाजूही आहे. ‘शुगर फ्री’ बिस्किटात साखर नसेलही, पण मैदा असतोच, आणि त्या मैद्याचं पोटात ग्लुकोजच होतं.

म्हणून पुड्याच्या दर्शनी बाजूची मोठी अक्षरं मी वाचतच नाही. मागचा तक्ता बघते: आधी एकूण कार्बोहायड्रेट, मग ‘टोटल शुगर’, मग ‘अ‍ॅडेड शुगर’. शेवटचा आकडा शून्य आणि त्याच्या वरचा 40 असेल, तर पुडा परत फळीवर. मिठाईच्या दुकानातल्या सुट्या बर्फीला तक्ता नसतो. तिथे काउंटरवर विचारायचं, गोडी कशाची? यंदा विचारलं. “खजूर, ताई. एकदम नॅचरल.”

पाव किलो घेतली. बाबांना अर्धी वडी.