तीन तारा आणि तीन डाख

नवी ब्रशलेस मोटर बसवलेली आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारी कार कधीकधी जागीच थरथरते. थ्रॉटल दाबला की चाकं झटके देतात, पण गाडी पुढे सरकत नाही. मोटरच बिघडली असं ठरवण्याआधी तिच्या तीन तारांचे डाख, म्हणजे सोल्डरने केलेले सांधे तपासा. दोष पुष्कळदा तिथेच असतो.

ब्रशलेस मोटरमध्ये चुंबक फिरतो आणि तांब्याच्या गुंडाळ्या स्थिर असतात. कोणत्या गुंडाळीत केव्हा प्रवाह सोडायचा, हे स्पीड कंट्रोलर म्हणजे ईएससी ठरवतो. एका वेळी दोन तारांतून प्रवाह जातो, तिसरी मोकळी राहते. चुंबकाची जागा सांगणारा सेन्सर नसलेल्या मोटरमध्ये ही मोकळी तारही कामाची असते. फिरत्या चुंबकामुळे तिच्यावर व्होल्टेज उमटतो आणि तो वाचून ईएससी चुंबक नेमका कुठे आहे ते ओळखतो. मला या मोटरमधली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. अशा सहा टप्प्यांचं एक चक्र असतं आणि प्रत्येक तार त्यातल्या चार टप्प्यांत प्रवाह वाहते. म्हणजे एक डाख सुटला की सहापैकी चार टप्पे वाया जातात. उरलेल्या दोनांवर मोटर नुसती थरथरते.

सेन्सर नसेल तर तीन तारा कोणत्याही क्रमाने जोडल्या तरी चालतात. मोटर उलटी फिरली, तर कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करायची. सेन्सर असेल तर मात्र मोटर आणि ईएससीवरची ए, बी, सी ही अक्षरं जुळलीच पाहिजेत. बॅटरीच्या लाल-काळ्या तारांबाबत तर चुकीला जागाच नाही. त्या उलट्या लागल्या की ईएससी बहुधा क्षणात जळतो.

डाख सुटलेला नसून नुसताच कच्चा असेल, तर? समजा, त्याचा रोध अवघा ५ मिलिओहम आहे आणि त्यातून ६० अँपिअर प्रवाह जातोय. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे १८ वॅट उष्णता त्या एवढ्याशा ठिकाणी तयार होते. छोट्या सोल्डरिंग आयर्नइतकीच! ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेलं सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळतं. प्रवाह तसाच वाहत राहिला तर कच्चा डाख स्वतःच्याच उष्णतेने मऊ पडू शकतो.

जाड तांब्याच्या तारेला डाख देताना खरी अडचण तांब्याचीच असते, कारण ते उष्णता झपाट्याने दूर वाहून नेतं. टोकदार, बारीक टिप तारेला लागताच थंड पडते. इथे रुंद, चपटी टिप आणि निदान ६० वॅटचं आयर्न हवं. श्रिंक ट्यूब, म्हणजे तापवल्यावर आकसून डाख झाकणारी नळी, आधीच तारेत ओवून लांब सरकवून ठेवा, नाहीतर सगळं जोडून झाल्यावर ती आठवते. मग तारेला फ्लक्स लावा, म्हणजे तांब्यावरचा ऑक्साइडचा थर निघेल. आयर्नने तार तापवा आणि सोल्डर आयर्नला नव्हे, तारेला टेकवा. तार पुरेशी तापली असेल तर सोल्डर बारीक तंतूंच्या फटींत आपोआप शोषलं जातं. मोटरच्या पत्रीलाही, म्हणजे तार जिथे जोडायची त्या धातूच्या पट्टीलाही, असाच पातळ थर द्या. तांब्याच्या भांड्याला कल्हई करतात, तेच हे रसायन. मग दोन्ही एकमेकांना टेकवून तापवा आणि सोल्डर गोठेपर्यंत हात अजिबात हलू देऊ नका. पत्रीवर आयर्न फार वेळ टेकवून ठेवू नये. आतल्या सेन्सरला आणि गुंडाळीच्या आवरणाला ती उष्णता सोसत नाही. पुढच्या पत्रीकडे वळण्याआधी मोटर निवू द्यावी.

चांगला डाख कडेला पातळ होत धातूत मिसळून जातो. अळवाच्या पानावरच्या थेंबासारखा गोल फुगून बसलेला डाख कच्चा समजावा. चमकेवर मात्र विसंबू नका, कारण शिसंविरहित सोल्डर पक्कं बसूनही निस्तेज दिसतं.

तारा लांबवायच्याच असतील तर मोटरच्या बाजूच्या लांबवा. बॅटरीकडच्या तारा लांबल्या की व्होल्टेजचे झटके वाढतात आणि ईएससीच्या कपॅसिटरवर ताण येतो.

पहिली फेरी छोटीच मारा. मग बॅटरी काढून तिन्ही डाखांजवळ बोट नेऊन पाहा. एखादा इतर दोघांपेक्षा जास्त तापलेला जाणवला, तर तोच पुन्हा करायचा.