ब्रिटनच्या दंतकथेतल्या राजांवरच्या ऐतिहासिक कादंबऱ्या

इंग्रज यायच्या आधी ब्रिटन बेटावर जे ब्रिटन लोक राहायचे, त्यांच्या राजांच्या दंतकथा घेऊन त्या खऱ्या इतिहासासारख्या लिहायच्या, असा हा कादंबरीचा प्रकार. सगळ्यात जास्त लिहिलं गेलंय ते आर्थरवर, आणि मग त्याच्या आसपासचे व्होर्टिगर्न (सॅक्सनांना बोलावणारा राजा), अँब्रोसियस (त्यांच्याशी लढणारा पुढारी), उथर (आर्थरचा बाप), मर्लिन (जादूगार) वगैरे. एक गोष्ट आधीच सांगतो कारण ती खूप जणांच्या लक्षात येत नाही, आर्थर हा इंग्रजांचा राजा नाहीये. गोष्टीत तो ज्यांच्याशी लढतो ते सॅक्सन म्हणजे आजच्या इंग्रजांचे पूर्वज, आणि ज्यांच्या बाजूने लढतो ते ब्रिटन लोक शेवटी हरले आणि बरेचसे पश्चिमेकडे डोंगरात रेटले गेले. त्यांनाच आज आपण वेल्श म्हणतो, आणि वेल्श हा शब्दसुद्धा त्यांचा स्वतःचा नाही, सॅक्सनांनी दिलेला आहे, अर्थ परका. स्वतःच्याच मुलखात परके! म्हणजे ही मुळात हरलेल्यांची गोष्ट आहे, आणि माझ्या मते या प्रकारातली चांगली कादंबरी तीच जी हे विसरत नाही.

कादंबरीकारांना इथे एवढी मोकळीक मिळते कारण कागदपत्रं जवळपास नाहीतच. इ.स. 410 च्या सुमारास रोमन सत्ता संपली आणि पुढची दीड-दोनशे वर्षं अंधारात आहेत. 6व्या शतकात गिल्डास नावाच्या धर्मगुरूने लिहिलंय, त्यात सॅक्सनांविरुद्धच्या बेडनच्या लढाईचा उल्लेख आहे, अँब्रोसियसचं नाव आहे, पण आर्थर नाही. तो नीट भेटतो थेट 9व्या शतकातल्या एका लॅटिन ग्रंथात, तिथे त्याच्या नावावर 12 लढाया आहेत आणि विशेष म्हणजे तिथे त्याला राजा म्हटलेलंच नाही, राजांच्या बरोबरीने लढणारा सेनापती म्हटलंय. वेल्श वार्षिक नोंदींमध्ये 537 सालासमोर एवढंच आहे की कॅमलानच्या लढाईत आर्थर आणि मेड्रॉट (नंतरच्या गोष्टींत आर्थरला दगा देणारा मॉर्ड्रेड) पडले. दोघं एकमेकांविरुद्ध लढले असं कुठे लिहिलेलं नाही, सगळं विश्वासघाताचं कथानक नंतरचं.

मग 1136 च्या सुमारास मॉनमथचा जेफ्री आला आणि त्याने ब्रिटनच्या राजांचा सलग इतिहास लॅटिनमध्ये लिहून काढला. आपल्याकडच्या बखरींसारखा प्रकार समजा, फक्त कल्पना कितीतरी जास्त. ट्रॉयहून आलेल्या ब्रूटसपासून सुरुवात, मध्ये आर्थर, आणि शेवट 7व्या शतकात. आपल्याकडे जुनं पुस्तक होतं आणि त्यावरून हे लिहिलं असं तो म्हणतो, ते पुस्तक कधी कोणाला मिळालं नाही. त्याच शतकात न्यूबर्गच्या विल्यमने हे सगळं खोटं आहे म्हणून सरळ झोडपलं, तरी हाताने उतरवलेल्या 200 च्या वर प्रती आजही शिल्लक आहेत, म्हणजे लोकांनी ते किती आवडीने वाचलं असेल बघा. तीन मुलींमध्ये राज्य वाटणारा लिअर राजा पहिल्यांदा याच पुस्तकात सापडतो, पण इथे धाकटी मुलगी लढाई जिंकून बापाला परत गादीवर बसवते, सगळं उद्ध्वस्त करणारा शेवट शेक्सपिअरचा. त्या लिअरवरून सुचलेलं शिरवाडकरांचं 'नटसम्राट' 1970 मध्ये रंगभूमीवर आलं, त्यामुळे अप्पासाहेब बेलवलकरांचं मूळ शोधत मागे मागे गेलं तर आपण या जेफ्रीपाशी पोचतो, ही गोष्ट मला कायम भारी वाटत आलीये.

आर्थरच्या सरदारांचं गोलमेज, त्याची राजधानी कॅमेलॉट, त्याचा शूर सरदार लान्सलॉट हे सगळं जेफ्रीनंतरचं, फ्रेंच कवींनी घातलेलं. 1485 मध्ये इंग्रज लेखक मॅलरीचा आर्थरवरचा मोठा ग्रंथ छापला गेला आणि चकचकीत चिलखतातले सरदार लोकांच्या डोक्यात पक्के बसले. 20व्या शतकातल्या कादंबरीकारांनी नेमकं हेच चिलखत उतरवलं आणि आर्थरला परत 5व्या-6व्या शतकातल्या चिखलात, पडक्या रोमन रस्त्यांवर आणून उभं केलं.

यात रोझमेरी सटक्लिफचं नाव आधी घ्यायला हवं. लहानपणापासून संधिवाताने जखडलेली, व्हीलचेअरवर आयुष्य काढलेली ही बाई घोडदळाच्या मोहिमा अशा लिहिते की घोड्याच्या घामाचा वास यावा. 'द लँटर्न बेअरर्स' (1959) मध्ये शेवटचं रोमन सैन्य जहाजातून निघून जातं आणि अक्विला नावाचा तरुण अधिकारी मागे राहतो, रुटुपिए बंदरावरचा मोठा दीप रात्री एकटाच शेवटचा पेटवतो. एक अख्खं युग संपलं हे सांगायला तिला तेवढा एकच जाळ पुरतो. पुढे 'स्वोर्ड ॲट सनसेट' (1963) मध्ये मरणाला टेकलेला आर्थर स्वतःच आपली गोष्ट सांगतो. इथे जादू नाही, सॅक्सन पायदळाला भारी पडायचं म्हणून हा माणूस दक्षिण गॉलमध्ये (आजच्या फ्रान्समध्ये) जाऊन मोठ्या हाडापेराचे घोडे विकत आणतो आणि त्यांची पैदास करतो. लान्सलॉट काढून टाकलाय, त्याच्या जागी जुन्या वेल्श कथांमधला बेडविर आहे.

मेरी स्टुअर्टने 'द क्रिस्टल केव्ह' (1970) पासून पुढे गोष्ट मर्लिनच्या तोंडी दिली. जेफ्री सांगतो की मर्लिनने स्टोनहेंजचे, म्हणजे इंग्लंडमधल्या त्या प्राचीन दगडी वर्तुळाचे, दगड आयर्लंडहून आणले, तर हिचा मर्लिन इंजिनिअर आहे, हिशोब करून दोरखंड आणि माणसं लावून एक मोठा दगड आणतो आणि लोक त्याला जादू म्हणतात. दंतकथा खोडून न काढता ती कशी तयार झाली असेल ते दाखवायचं, ही खरी कारागिरी. बर्नर्ड कॉर्नवेल 1995 पासूनच्या तीन भागांत हीच युक्ती उलटी वापरतो, त्याचा लान्सलॉट भित्रा आहे पण भाटांना पैसे चारतो म्हणून गाण्यात शूर होऊन बसतो. आणि आर्थर तिथेही राजा नाही, लहानग्या मॉर्ड्रेडचं राज्य सांभाळणारा सेनानी आहे, म्हणजे त्या जुन्या लॅटिन ग्रंथाच्या कितीतरी जवळ. मॅरियन झिमर ब्रॅडलीच्या 'द मिस्ट्स ऑफ ॲव्हलॉन' (1983) मध्ये बायकांच्या बाजूने गोष्ट येते, आर्थरची बहीण मॉर्गेन चेटकीण न राहता माणूस होते. त्यातला जुना देवीधर्म मात्र इतिहास म्हणून घेऊ नये, ड्रुइडांनी, म्हणजे त्या जुन्या धर्माच्या पुरोहितांनी, स्वतः लिहून ठेवलेलं काहीच उरलेलं नाही.

हरलेल्यांचा राजा जिंकणाऱ्यांनी कसा घेतला हे इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी गावात दिसतं. 1184 मध्ये तिथला मठ जळाला आणि 1191 मध्ये साधूंनी आर्थरची कबर सापडली म्हणून जाहीर केलं. मठाला यात्रेकरूंचा पैसा हवा होताच, पण आर्थर परत येणार अशी आस धरून बसलेल्या वेल्श लोकांना तो मेलाय हे दाखवणं इंग्लंडच्या राजांच्याही सोयीचं होतं, असं बरेच इतिहासकार मानतात.

वाचायला सुरुवात करणाऱ्याला पहिला अडथळा नावांचा येतो, कारण यातल्या बऱ्याच कादंबऱ्यांत गावांची रोमन किंवा ब्रिटन नावं वापरलेली असतात. कॉर्नवेल पुस्तकाच्या सुरुवातीलाच जुन्या-नव्या नावांची यादी देतो, ती हाताशी ठेवावी, सटक्लिफ वाचताना नकाशा जवळ असलेला बरा, नाहीतर यॉर्क शोधत बसाल आणि पानावर सगळीकडे इबुराकम दिसेल.