रिओमीटरवरील यील्ड स्ट्रेस चाचणी

इमल्शन रंग, टूथपेस्ट, मलम, केचप हे पदार्थ ठरावीक ताणापर्यंत घट्ट राहतात आणि त्यापुढे वाहू लागतात. या सीमेवरचा ताण म्हणजे यील्ड स्ट्रेस. तो पास्कलमध्ये मोजतात. नवी मुंबईत ठाणे–बेलापूर रस्त्यालगतच्या टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यातील रसायन, औषध आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यांना रंग ओघळेल का, मलमातले कण तळाशी बसतील का, हे या आकड्यावरून जोखता येते. मात्र आकडा पदार्थाचा असतो तितकाच चाचणीच्या मांडणीचाही असतो.

हा ताण रिओमीटरवर, म्हणजे दोन प्लेटमधला नमुना फिरवून त्याचा प्रतिकार मोजणाऱ्या यंत्रावर, मोजतात. यंत्राला वीज देण्याआधी एअर बेअरिंगला (शाफ्टला हवेच्या थरावर तरंगत ठेवणारा आधार) हवा द्यावी. हवा नसताना शाफ्ट फिरवला की बेअरिंग खराब होते. खाडीकाठच्या पावसाळी दमटपणात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी लवकर साठते. ते रोज काढावे, ड्रायर व फिल्टर तपासावेत. गॅप म्हणजे दोन प्लेटमधले अंतर; शून्य गॅप, म्हणजे प्लेट एकमेकींना टेकतात ती जागा, चाचणीच्या तापमानालाच, समजा २५ अंश सेल्सिअसला, घ्यावा.

कोन-प्लेटमध्ये (वर शंकू, खाली सपाट प्लेट) ताण सर्वत्र सारखा असतो, पण शंकूच्या टोकाशी गॅप साधारण ५० मायक्रॉनच उरतो; भरड फिलर (रंगात घातलेली घन भुकटी) त्यात अडकतात. गॅप सर्वांत मोठ्या कणाच्या किमान दहापट हवा. म्हणून रंगासाठी ४० मिमीच्या समांतर प्लेट आणि १ मिमी गॅप बरा. नमुना सुमारे १.३ मिली लागतो. यात ताण कडेला सर्वाधिक असतो. सॉफ्टवेअरने न्यूटनी सूत्र (पाण्यासारख्या साध्या द्रवांसाठीचे) लावले असेल, तर पूर्ण वाहू लागलेल्या नमुन्याचा ताण तिसऱ्या हिश्शाएवढा जास्त दिसू शकतो.

सर्वाधिक फसवणूक होते ती गुळगुळीत प्लेटवर. प्लेटलगत पाण्याचा पातळ थर सुटतो, नमुना आतून न मोडता सरकतो आणि आकडा खोटा कमी येतो. त्यासाठी खरखरीत किंवा दातेरी प्लेट, नाहीतर चार पात्यांचा व्हेन वापरावा. शंका असल्यास दोन वेगळ्या गॅपवर मोजावे. आलेख जुळले नाहीत तर घसरण आहेच.

नमुना स्पॅच्युलाने ठेवावा; बारीक सुईतून दाबून काढल्यास रचना आधीच मोडते. प्लेट सावकाश १.०५ मिमीपर्यंत आणून कडा छाटावी, मग १ मिमीवर न्यावी. ५ मिनिटे विश्रांती द्यावी. घट्ट पेस्टला जास्त. एसीच्या झोतात कड सुकून कडक होते, म्हणून सॉल्व्हंट ट्रॅप (बाष्पीभवन रोखणारे झाकण) लावावा.

ताण ०.१ ते २०० पास्कल लॉगरिदमिक क्रमाने ५ मिनिटांत वाढवावा. श्यानतेचे (दाटपणाचे) शिखर ज्या ताणाला येते तो यील्ड स्ट्रेस. ताण वाढवण्याची घाई केली तर आकडा वर जातो. अंदाज नसेल तर आधी एक झटपट फेरी करावी, पण खऱ्या मोजमापाला नमुना नवा घ्यावा. दुसरी पद्धत ॲम्प्लिट्यूड स्वीपची, म्हणजे नमुना मागे-पुढे हलवत हेलकावा वाढवत नेण्याची: १ हर्ट्झ, विकृती (आकारातला बदल) ०.०१ ते १०० टक्के. येथे जी-प्राइम (लवचीकपणाचे माप) ५ टक्के घसरतो तो बिंदू आणि जी-प्राइम व जी-डबलप्राइम (प्रवाहीपणाचे माप) एकमेकांना छेदतात तो बिंदू यांचे ताण वेगळे येतात. बिंगहॅम मॉडेलची, म्हणजे ताण व प्रवाहाच्या वेगाच्या आलेखावरील, सरळ रेष मागे शून्य वेगापर्यंत वाढवून काढलेला आकडा आणखी निराळा, बहुधा जास्तच. त्यामुळे अहवालात पद्धत, प्लेटचा पृष्ठभाग, गॅप, तापमान, विश्रांतीचा काळ आणि ताणवाढीचा वेग आकड्यासोबतच नोंदवतात. दोन बॅचची तुलना हे सगळे सारखे असेल तरच करता येते.