इंग्रजी पत्रात ‘डर्टी’ किंवा ‘केअरलेस’ लिहिण्यापूर्वी

आमच्याकडे भाषांतराला किंवा तपासायला येणाऱ्या कागदांत तक्रार अर्ज, सोसायटीच्या नोटिसा आणि मेमोची उत्तरं सगळ्यात जास्त असतात. कुणीतरी पसारा केलेला असतो, नाहीतर कामात हयगय केलेली असते. मराठीत आपण हे नेमकं बोलतो. वेंधळा माणूस वेगळा, बेदरकार वेगळा आणि नुसत्या पाट्या टाकणारा आणखी वेगळा, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इंग्रजीत लिहायला बसलं की मात्र सगळ्यांना ‘डर्टी’ आणि ‘केअरलेस’ हे दोनच शब्द सुचतात. म्हणून हे पत्रक.

वस्तू आणि जागा

एका सोसायटीच्या नोटिशीत जिन्याला ‘डर्टी’ म्हटलं होतं. तिथे खरं तर चपलांचं स्टँड, मुलाची सायकल आणि रंगाचे रिकामे डबे होते. ज्यांच्या दारापुढचं हे वर्णन, त्या घरातल्या बाई रोज फरशी पुसत. ‘डर्टी’ म्हणजे घाण, मळकं. त्यांना वाईट वाटलं यात नवल नाही. इथे हवा होता ‘क्लटर्ड’. या शब्दाचं नातं ‘क्लॉट’शी, म्हणजे गुठळीशी आहे. सामानाने वाट अडली, एवढंच तो सांगतो.

साध्या पसाऱ्याला ‘अनटायडी’ पुरतो. ‘टायडी’चा मूळ अर्थ ‘वेळच्या वेळी’ असा होता, हे आम्हाला फार आवडतं. जे वेळच्या वेळी उचललं नाही ते अनटायडी. ‘मेसी’ याहून जास्त, सगळं एकात एक कालवलेलं. विद्यार्थी जेवायला जातात ती ‘मेस’ आणि हा ‘मेस’ एकच शब्द. आधी तो ताटातला पदार्थ होता, मग एकत्र कालवलेलं अन्न आणि शेवटी गोंधळ.

माणूस

‘अनकेम्ट’ म्हणजे शब्दशः न विंचरलेला. ‘डिशेव्हल्ड’मध्येही जुन्या फ्रेंचमधले केसच आहेत, पण रोख वेगळा. गर्दीच्या लोकलमधून उतरलेला माणूस डिशेव्हल्ड असतो. आरशासमोर उभा राहिला की तो पुन्हा नीट होतो. ‘अनकेम्ट’ बहुधा नेहमीच्या अवताराला म्हणतात. ‘स्लॉव्हनली’ म्हणजे आपला गबाळा किंवा अजागळ, आणि तो थेट स्वभावावर बोट ठेवतो. पत्रात लिहिताना दोनदा विचार करा. ‘स्लॅटर्न’ तर लिहूच नका. तो फक्त बाईला लावतात आणि त्यात चारित्र्यावर शिंतोडे उडतात.

काम

‘स्लिपशॉड’ म्हणजे सपाता घालून फटक-फटक चालणारा. त्यावरून कसंतरी उरकलेलं काम. ‘स्लॅपडॅश’मध्ये घाई आहे. वाईट मालासाठी किंवा निकृष्ट बांधकामासाठी ‘शॉडी’.

या ‘शॉडी’ची गोष्ट सांगायलाच हवी. इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये, बॅटली गावी, 1813 च्या सुमारास लोकरीच्या चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढायला सुरुवात झाली. त्या कापडाचं नाव शॉडी. नाव तेव्हा वाईट नव्हतं. 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथल्या सैनिकांना अशा कापडाचे गणवेश मिळाले आणि ते अंगावरच विरले. तिथून शब्दाला बट्टा लागला. आपल्या पानिपतात आजही जुन्या लोकरी कपड्यांपासून शॉडीचं सूत आणि ब्लँकेटं निघतात, आणि तिथे हे धंद्याचं सरळ नाव आहे. त्या व्यापाऱ्याला पत्र लिहिताना संदर्भ नीट ठेवा.

चूक आणि दोष

इथे सगळ्यात जपून. एका गृहस्थांनी मेमोच्या उत्तरात ‘आय ॲक्सेप्ट माय नेग्लिजन्स’ असं लिहून आणलं होतं. झालं होतं काय, तर रजिस्टरमधली एक नोंद राहिली होती. दुसऱ्या दिवशी ती त्यांनी स्वतःच भरली होती. ‘नेग्लिजन्स’ हा कायद्यातला शब्द आहे: काळजी घेणं तुमचं कर्तव्य होतं, ते तुम्ही पाळलं नाही आणि त्यामुळे कुणाचं तरी नुकसान झालं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूची शिक्षा आहे, तिथेही हाच शब्द. राहिलेल्या नोंदीसाठी तो सही करून आपल्या हाताने द्यायचा नसतो. आम्ही तिथे ‘ओव्हरसाइट’ घातलं, म्हणजे नजरचूक.

पण ‘ओव्हरसाइट’चा दुसरा अर्थ ‘देखरेख’, अगदी उलटा! ‘ॲन ओव्हरसाइट’ म्हटलं की चूक, ‘अंडर हिज ओव्हरसाइट’ म्हटलं की देखरेख. वाक्य अर्धवट असेल तर वाचणारा फसतो.

धोका दिसत असूनही पर्वा न करणारा तो ‘रेकलेस’, आपला बेदरकार. वेंधळ्या माणसाला तो लावणं अन्याय आहे. त्याला ‘ॲब्सेंट-माइंडेड’ म्हणा.

आमच्याकडे येताना

इंग्रजी शब्द शोधून आणू नका. काय घडलं ते मराठीत चार ओळींत लिहून आणा: काय राहिलं, कुणामुळे, मुद्दाम की चुकून, नुकसान झालं का. मेमो किंवा नोटीस आली असेल तर तिची पूर्ण प्रत आणा, फक्त पहिलं पान नको. उत्तराची शेवटची तारीख आधी सांगा.