जिनच्या लेबलवरचे ४२.८ टक्के

भारतीय जिनच्या बाटलीवर अल्कोहोलचं प्रमाण बहुधा ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. जोडीला कधी ‘७५ डिग्री प्रूफ’ किंवा ‘२५ यू. पी.’ असंही असतं. सरळ ४० किंवा ४५ का नाही?

उत्तर बंदुकीच्या दारूत आहे. इंग्लंडमध्ये मद्यावरचा कर त्याच्या कडकपणावर ठरे, पण कडकपणा मोजायचा कसा? बंदुकीची दारू मद्यात भिजवून पेटवत. मद्यात पाणी जास्त असेल, तर अल्कोहोल जळून गेल्यावर उरलेलं पाणी बंदुकीची दारू ओलीच ठेवतं, तिच्यातला सोरा हा क्षार विरघळतो आणि ती पेटत नाही. पेटली, तर मद्य ‘प्रूफ’, म्हणजे कसोटीला उतरलं. मात्र दाणे किती बारीक, मद्य किती ओतलं, यावर निकाल बदलायचा. म्हणून १८१६ मध्ये इंग्लंडने बार्थोलोम्यू साइक्स यांचा हायड्रोमीटर, म्हणजे द्रवात तरंगणारं मापक, कायद्याने स्वीकारला. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे मद्य जितकं कडक तितका हायड्रोमीटर खोल बुडतो. ५१ अंश फॅरनहाइटला ज्या मद्याचं वजन तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या १२/१३ भरतं, ते १०० डिग्री प्रूफ, टक्क्यांत ५७.१५. त्याचे तीन चतुर्थांश म्हणजे ४२.८६. यू. पी. म्हणजे अंडर प्रूफ, कसोटीच्या २५ अंश खाली.

समुद्राशी नातं सांगणाऱ्या काही जिन ५७ टक्क्यांच्या असतात आणि ‘नेव्ही स्ट्रेंथ’, म्हणजे नौदलाच्या कडकपणाच्या, म्हणून विकल्या जातात. ब्रिटिश नौदलात खलाशांना रम मिळे, अधिकारी जिन पीत. इंग्लंडच्या प्लिमथ बंदरातली १७९३ पासूनची डिस्टिलरी नौदलाच्या या जिनसाठीच प्रसिद्ध आहे. जहाजावर पिंप फुटून बंदुकीची दारू भिजली तरी ती पेटावी, म्हणून ५७ टक्के, अशी कथा सांगतात. मला ती पटत नाही. नौदलाची रम ५४.५ टक्क्यांची असे, आणि ‘नेव्ही स्ट्रेंथ’ हे नाव बाटल्यांवर आलं १९९०च्या दशकात. कडक जिनचा खरा फायदा रसायनशास्त्रातला आहे. जिनला वास देणारी सुगंधी तेलं अल्कोहोलमध्ये विरघळतात, पाण्यात जवळजवळ नाहीत. ५७ टक्क्यांत ती भरपूर मावतात. पाणी घातलं की कधीकधी जिन दुधाळ होते, कारण तेलाचे सूक्ष्म थेंब वेगळे होऊन प्रकाश विखुरतात.

द्राक्षांच्या नाशिकमध्ये कुणी समुद्रावरून स्फूर्ती घेऊन जिन काढायची ठरवली, तर प्लिमथकडे पाहायची गरज नाही. पांडवलेणीतल्या १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भडोच, सोपारा आणि गोवर्धन इथे धर्मशाळा बांधल्या आणि तापी, दमण, डहाणू अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. गोवर्धन नाशिकजवळचंच, म्हणजे बंदरं आणि घाटमाथा एकाच दानपत्रात. त्या काळच्या एका ग्रीक व्यापारी नोंदीत भडोचहून जाणाऱ्या मालात जटामांसी, कुष्ठ नावाचं सुगंधी मूळ, गुग्गुळ आणि पिंपळी आहे. जिनला तिची ओळख देणारं जुनिपरचं फळ हवंच, पण त्याच्या सोबतीला ही यादी मला लिंबाच्या सालीपेक्षा कितीतरी मोलाची वाटते.

तिच्यातली पिंपळी भट्टीत काय करेल, हे बघण्यासारखं आहे. जुनिपरमधलं पाइनीन हे गंधद्रव्य १५५ अंश सेल्सियसला उकळतं आणि अल्कोहोल ७८ ला, तरीही पाइनीनचे रेणू अल्कोहोल आणि पाण्याच्या वाफेबरोबर वर जातात, कारण उत्कलनबिंदूच्या खूप खालीही त्यांचा बाष्पदाब पुरेसा असतो. पिंपळीचा गंध असाच जाईल. तिखटपणा मात्र पायपरीनचा, आणि हा रेणू वाफेबरोबर जवळजवळ जातच नाही. तो पातेल्याच्या तळाशी राहील. जिनसोबत पितात त्या टॉनिकमधल्या कडू क्विनीनचंही तेच: ते ज्यातून मिळतं ती सिंकोना झाडाची साल भट्टीत घातली तर कडूपणा गाळीव मद्यात उतरत नाही, तो नंतरच मिसळावा लागतो. म्हणून पिंपळी घातलेली जिन जिभेला झोंबली, तर ते अल्कोहोल असेल किंवा पिंपळी गाळल्यानंतर भिजवलेली असेल.